आधी संशय कोणावर?

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण मराठीत लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. अन्यायाचे इतके नेमके वर्णन इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच सापडेल. मात्र ही म्हण एक गोष्ट सांगत नाही. गावात इतकी माणसे असताना फास नेमका संन्याशाच्याच गळ्यात का गेला? तो गावाबाहेरचा होता, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते, आणि त्याच्याकडे पाहताच ‘हाच असेल’ असे कोतवालाला वाटून गेले, हे म्हणीने गृहीत धरले आहे. आम्हाला जो प्रश्न विचारायचा आहे तो या गृहीताविषयीच आहे. द्वेषापोटी माणसे मारली जातात तेव्हा सरकार आधी कोणाकडे पाहते? त्या हिंसेला ते काय नाव देते? आणि आपली नजरच चुकली होती हे उघड झाल्यावर ते काय करते?

हे प्रश्न आपल्या देशाच्या संदर्भात विचारले की चर्चेला ताबडतोब पक्षांचे रंग चढतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. म्हणून आम्ही येथे मुख्यतः जर्मनीचे उदाहरण घेतले आहे. त्याला आणखीही एक कारण आहे. आपल्या इतिहासातील पापाचा हिशेब जर्मनीइतका जाहीरपणे मांडणारे देश फार थोडे. तेथे शाळेतील मुलांना ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकवतात, नाझी चिन्हे मिरवणे हा गुन्हा आहे, आणि १९४९ च्या राज्यघटनेचे पहिलेच कलम माणसाच्या प्रतिष्ठेचे आहे. वंशद्वेष म्हणजे काय हे ज्या राज्याला पुरेपूर ठाऊक आहे, त्याच राज्याला डोळ्यांसमोरचा वंशद्वेष अकरा वर्षे दिसला नाही. अज्ञानाची सबब तेथे चालत नाही. म्हणूनच हे उदाहरण अधिक विचार करायला लावते.

एनव्हर शिमशेक हे तुर्कस्तानातून जर्मनीत आलेले गृहस्थ. आधी त्यांनी कारखान्यात मजुरी केली, मग फुलांचा व्यापार सुरू केला आणि तो वाढवला. ९ सप्टेंबर २००० रोजी न्यूर्नबर्ग शहरात रस्त्याकडेच्या त्यांच्या फुलांच्या ठेल्यावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. नेहमीचा विक्रेता रजेवर होता, म्हणून त्या दिवशी ते स्वतः ठेल्यावर उभे होते. दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर एप्रिल २००६ पर्यंत म्युनिक, हॅम्बुर्ग, रोस्टॉक, डॉर्टमुंड, कासेल आणि पुन्हा न्यूर्नबर्ग अशा शहरांत आणखी आठ जण असेच मारले गेले. कोणी शिवणकाम करीत होता, कोणी भाजीपाला विकत होता, कोणाचे किल्ल्या बनवण्याचे दुकान होते, तर कासेलचा एकवीस वर्षांचा हालित योझगात इंटरनेट कॅफे चालवत होता. नऊपैकी आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. या सर्व खुनांत एकच चेक बनावटीचे पिस्तूल वापरले गेले होते, म्हणजे हे खून एकमेकांशी जोडलेले आहेत हे पोलिसांना ठाऊक होते. २००७ च्या एप्रिलमध्ये हाइलब्रॉन येथे एका जर्मन महिला पोलिसाचाही खून झाला, पण तो याच टोळीने केला आहे हे पुष्कळ नंतर कळले.

आता पोलिसांनी काय केले ते पाहू. अमली पदार्थांची तस्करी, जुगाराचे कर्ज, खंडणी, तुर्की माफिया, घराण्याच्या अब्रूवरून वैर, अशा सर्व शक्यता त्यांनी वर्षानुवर्षे तपासल्या. त्या सर्वांत एक गोष्ट समान होती. दोष मेलेल्या माणसात किंवा त्याच्या गोतावळ्यात शोधायचा. तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाचे नावच ‘बोस्पोरस’ होते. बोस्पोरस ही इस्तंबूलची सामुद्रधुनी. खून जर्मनीत झाले होते, पण तपासाचे तोंड पहिल्या दिवसापासून इस्तंबूलकडे होते. खंडणी मागायला कोणी येते का हे पाहण्यासाठी पोलिसांनी स्वतः कबाबचे दुकान थाटले. शिमशेक यांच्या विधवा पत्नीला एका सोनेरी केसांच्या स्त्रीचे छायाचित्र दाखवून, तुमच्या नवऱ्याचे हिच्याशी संबंध होते, असे सांगण्यात आले. ते खोटे होते. बाई चिडून काहीतरी बोलून जातील एवढाच त्यामागचा हिशेब होता. वर्तमानपत्रांनी या हत्यांना ‘डोनर खून’ असे नाव दिले. डोनर म्हणजे तेथे गल्लोगल्ली मिळणारा तुर्की कबाब. नऊ मृतांपैकी अवघे दोन जण कबाबच्या धंद्यात होते. तरी नऊच्या नऊ माणसांची ओळख एका खाद्यपदार्थाच्या नावात गुंडाळली गेली.

तपासाच्या कागदपत्रांत दोन अंदाज आढळतात. ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २००६ साली बव्हेरियातील एका विश्लेषकाने म्हटले होते की, मारेकऱ्याच्या मनात तुर्कांविषयी द्वेष असावा. म्हणजे खरे उत्तर पोलिसांच्या टेबलावर येऊन पडले होते. २००७ साली बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या पोलीस खात्याने दुसरा अंदाज तयार केला. त्यातील तर्क असा होता की, आपल्या संस्कृतीत माणसाचा जीव घेणे निषिद्ध मानले जाते, त्याअर्थी मारेकरी आपल्या मूल्यव्यवस्थेच्या फार बाहेरचा असला पाहिजे. ज्या भूमीवर साठ-पासष्ट वर्षांपूर्वी लाखो माणसे पद्धतशीरपणे मारली गेली, त्या भूमीवर सरकारी कागदावर हे वाक्य लिहिले गेले. लिहिणारा बहुधा दुष्ट नसेल. त्याला ते अगदी स्वाभाविक वाटले असेल. आमच्या मते खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

कारण मृतांच्या घरच्यांना सत्य दिसत होते. ज्याचे जळते त्यालाच कळते. मे २००६ मध्ये कासेलमध्ये हजारो लोकांचा मोर्चा निघाला. पुढे मृतांची कुटुंबे होती. दहावा बळी जाऊ देऊ नका, एवढीच त्यांची मागणी होती. मोर्चात जवळजवळ सगळे तुर्की समाजाचेच लोक होते. बहुसंख्य समाजाला तो आपला प्रश्न वाटला नाही.

यापूर्वी २००४ च्या जून महिन्यात कोलोन शहरातील कॉइपश्ट्रासे या तुर्की दुकानांच्या रस्त्यावर खिळे भरलेला बॉम्ब फुटला होता. बावीस जण जखमी झाले. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री ओटो शिली यांनी सांगितले की, आतापर्यंतची माहिती दहशतवादाकडे नव्हे तर गुन्हेगारी वर्तुळाकडे बोट दाखवते. राख अजून गरम होती, पण नाव देऊन झाले होते. मंत्र्याने एकदा नाव दिले की खालचा शिपाईही त्याच नावाच्या मागे जातो. जखमींनाच पुन्हा पुन्हा चौकशीला बोलावले गेले. आपण मराठीत ‘नाव ठेवणे’ असे दोन अर्थांनी म्हणतो. बाळाचे नाव ठेवतात आणि माणसाला नावेही ठेवतात. सरकार हिंसेला नाव देते तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

या सवयीचे मूळ थोडे मागे आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉक शहराच्या लिश्टेनहागेन वस्तीत निर्वासितांच्या आणि व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीवर जमावाने कित्येक दिवस हल्ले केले. शेकडो शेजारी पाहत उभे राहून टाळ्या वाजवत होते. नोव्हेंबरमध्ये म्योल्न येथे तुर्की कुटुंबाचे घर पेटवले गेले आणि तिघी जणी मेल्या. त्या वेळी चॅन्सेलर हेल्मुट कोल अंत्यविधीला गेले नाहीत. त्यांच्या प्रवक्त्याने अशा भेटींना ‘सांत्वन-पर्यटन’ म्हटले. २६ मे १९९३ रोजी जर्मन संसदेने घटनेतील आश्रयाच्या हक्कालाच कात्री लावली. परके फार झाले म्हणून लोक चिडले आहेत, असा त्यामागचा सूर होता. म्हणजे आग लावणाऱ्याच्या रागाचे कारण सरकारने मान्य केले, आणि उपाय शोधला तो ज्यांची घरे जळत होती त्यांच्यावर. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, झोलिंगेन शहरात गेंच कुटुंबाचे घर जाळण्यात आले. पाच मुली आणि स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ज्यांनी दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावली त्या मेव्हल्युदे गेंच यांनी त्याही स्थितीत द्वेष न करण्याचे आवाहन केले, आणि २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तेच सांगत राहिल्या. क्षमा करण्याचे थोर काम एका शोकाकुल आईने केले. सरकारला मात्र अंत्यविधीला जाणेही जड गेले होते.

त्या काळात सरकारी भाषेत अशा हल्ल्यांना ‘परकीयांविषयी शत्रुत्व’ म्हणत. शब्द निरुपद्रवी वाटतो. पण तो नीट पाहिला तर हल्लेखोराची दृष्टी त्यात जशीच्या तशी उतरलेली आहे. झोलिंगेनला मेलेल्या मुलींचे घर झोलिंगेनलाच होते. त्या परकीय आहेत हे कोणी ठरवले? आग लावणाऱ्याने ठरवले, आणि राज्याने त्याचाच शब्द उचलला. ‘वंशद्वेष’ हा शब्द वापरला असता तर दोष मारणाऱ्याच्या मनात राहिला असता. ‘परकीय’ म्हटल्याने तो मरणाऱ्याच्या असण्यात गेला.

सत्य बाहेर आले तेही पोलिसांच्या कर्तबगारीने नव्हे. ४ नोव्हेंबर २०११ रोजी आयझेनाख येथे बँक लुटून पळालेले दोन तरुण त्यांच्या गाडीत मृतावस्थेत सापडले. त्याच दिवशी त्यांच्या साथीदार स्त्रीने त्स्विकाऊमधील घर पेटवून दिले आणि नंतर ती पोलिसांच्या स्वाधीन झाली. घराच्या ढिगाऱ्यात ते पिस्तूल सापडले. मृतांची चेष्टा करणारी चित्रफीत टोळीने स्वतःच बनवून ठेवली होती आणि तिच्या प्रती ठिकठिकाणी टपालाने गेल्या. स्वतःला ‘नॅशनल सोशालिस्ट अंडरग्राउंड’ म्हणवणारे हे तिघे १९९८ पासून फरार होते. ज्या थुरिंगिया राज्यातून ते पळाले होते, तेथील नव-नाझी संघटनेचा म्होरक्या गुप्तचर खात्याचा पगारी खबऱ्या होता. खात्याने त्याला काही वर्षांत सुमारे दोन लाख मार्क दिले होते. हालित योझगातचा खून झाला त्या सुमारास त्या कॅफेत गुप्तचर खात्याचा एक अधिकारी बसलेला होता. आपल्याला काहीच दिसले नाही, असे त्याने सांगितले.

टोळीचे नाव उघड झाल्यावर आठवड्याच्या आत केंद्रीय गुप्तचर खात्यातील एका अधिकाऱ्याने खबऱ्यांच्या फायली नष्ट करवल्या. २०१२ मध्ये हे बाहेर आल्यावर खात्याच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला बर्लिनमध्ये शोकसभा झाली. चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी मृतांच्या कुटुंबीयांची, त्यांच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल, जाहीर क्षमा मागितली आणि सत्य शोधून काढण्यासाठी सर्व काही करू असे वचन दिले. एनव्हर शिमशेक यांची मुलगी सेमिया त्या सभेत बोलली. वडील गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. अकरा वर्षे आम्हाला निखळ मनाने दुःख करण्याचीही मोकळीक नव्हती, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. बाप मेला याचे दुःख, आणि बाप खरेच गुन्हेगार होता की काय ही शंका, दोन्ही एकाच उशाशी घेऊन हे कुटुंब झोपत होते. आपल्याकडे उर्दूत याला ‘तोहमत’ म्हणतात. जिवंत माणूस तोहमतीला उत्तर देऊ शकतो. मेलेल्या माणसाच्या वतीने उत्तर द्यायला जी लेकरे उरतात, त्यांचे बालपण त्यातच संपते.

मर्केल यांनी क्षमा मागितली हे आम्ही लहान मानत नाही. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने सर्वांसमोर मान झुकवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. संसदेच्या चौकशी समितीनेही २०१३ मध्ये सर्व पक्षांच्या एकमताने ४७ शिफारशींचा अहवाल दिला. म्युनिकच्या न्यायालयात ४३८ दिवस सुनावणी चालली आणि ११ जुलै २०१८ रोजी त्या स्त्रीला जन्मठेप झाली. चार साथीदारांना अडीच ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. सर्वांत सौम्य शिक्षा मिळालेल्याची त्याच दिवशी सुटका झाली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या विचारांच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आमचाच माणूस त्यांनी का निवडला, त्या त्या शहरात मारेकऱ्यांना वाट कोणी दाखवली, गुप्तचर खात्याला किती ठाऊक होते, हे कुटुंबीयांचे प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिले. हेसेन राज्याने तर आपला अंतर्गत अहवाल प्रथम १२० वर्षांसाठी गुप्त ठेवला होता. पुढे ती मुदत तीस वर्षांवर आणली. शेवटी २०२२ मध्ये पत्रकारांनी आणि माहितीच्या हक्कासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो प्रसिद्ध केला. इस्लाममध्ये तौबेच्या अटी सांगितल्या जातात. केल्याचा पश्चात्ताप हवा, ते कृत्य सोडून द्यायला हवे, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि ज्याचा हक्क मारला त्याला तो परत द्यायला हवा. नुसत्या शब्दांनी तौबा पुरी होत नाही. सत्य जाणण्याचा हक्क हा त्या कुटुंबांचा मारलेला हक्क होता. एका हाताने क्षमा मागायची आणि दुसऱ्या हाताने फाईल कुलपात ठेवायची, याला तौबा म्हणता येणार नाही.

यानंतर जून २०१९ मध्ये निर्वासितांची बाजू घेणारे कासेलचे जिल्हा प्रशासक वाल्टर ल्युबके यांचा त्यांच्या घराच्या ओसरीत खून झाला. ऑक्टोबरमध्ये हाले शहरात ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर हल्ला झाला. भक्कम दाराने आतील माणसे वाचली, बाहेर दोघे मेले. १९ फेब्रुवारी २०२० रोजी हानाऊ येथे स्थलांतरित कुटुंबांतील नऊ तरुण माणसे गोळ्यांना बळी पडली. या खेपेला सरकार बदललेले दिसले. गृहमंत्री होर्स्ट झीहोफर यांनी उजवा अतिरेकीवाद हा देशाच्या सुरक्षेपुढील सर्वांत मोठा धोका आहे असे स्पष्ट म्हटले. मंत्रिमंडळाने ‘उजवा अतिरेकीवाद आणि वंशद्वेष यांच्याशी मुकाबला’ करण्यासाठी खास समिती नेमली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने ८९ उपाय सुचवले आणि त्यांसाठी चार वर्षांत एक अब्ज युरोहून अधिक रक्कम ठेवली गेली. समितीच्या नावात प्रथमच हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले.

या दोन शब्दांत फरक आहे आणि तो या लेखाचा गाभा आहे. ‘अतिरेकी’ म्हणजे टोकावरचा माणूस. तो समाजाच्या कडेला असतो आणि बाकीचा समाज मध्ये सुरक्षित, निर्मळ असतो. अतिरेक्याशी लढायचे तर राज्याला जास्त पोलीस, जास्त कायदे, जास्त पैसा लागतो. सरकारला हे काम आवडते, कारण त्यात सरकार नेहमी चांगल्या बाजूला उभे असते. ‘वंशद्वेष’ हा शब्द मात्र कडेला थांबत नाही. तो कचेरीत येतो, पोलीस ठाण्यात येतो, घर भाड्याने देणाऱ्याच्या आणि शाळामास्तरच्या मनात डोकावतो. शिमशेक यांना गोळ्या घालणारे अतिरेकी होते. त्यांच्या विधवेला खोटे छायाचित्र दाखवणारा अतिरेकी नव्हता. तो नोकरी करणारा, घरी मुलाबाळांवर प्रेम करणारा सामान्य माणूस असेल. पहिल्याला पकडायला पोलीस लागतात. दुसऱ्यासाठी पोलिसांनाच तपासावे लागते.

सरकारे कोठे अडखळतात ते त्याच २०२० सालात दिसले. पोलीस माणसाचा रंग पाहून अडवतात का, याचा अभ्यास करण्याची सूचना आली तेव्हा त्याच झीहोफर यांनी ती नाकारली. असे वागणे नियमांनी निषिद्ध आहे, तेव्हा अभ्यासाची गरज नाही, असे त्यांच्या खात्याचे म्हणणे होते. या न्यायाने चोरीही कायद्याने निषिद्ध आहे. पुढे वर्षअखेरीस पोलिसांच्या एकूण कामकाजाचा अभ्यास हाती घेण्यात आला. २०२१ च्या जूनमध्ये फ्रँकफुर्टचे विशेष पोलीस पथक, त्यातील काहींच्या अतिरेकी उजव्या संदेशांमुळे, बरखास्त करावे लागले. चौकशी झालेल्यांपैकी तेरा जण हानाऊच्या त्या रात्री बंदोबस्ताला होते. त्या रात्री मदतीसाठी केलेले कित्येक फोन पोलिसांपर्यंत पोहोचलेच नव्हते, कारण ते दुसरीकडे वळवण्याची सोयच ठाण्यात नव्हती.

ब्रिटनने याबाबत एक पाऊल पुढे टाकले होते. १९९३ मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला. त्याच्या सोबत असलेला मित्र या हल्ल्यातून वाचला होता, पण पोलिसांनी त्याला पीडित म्हणून नव्हे तर संशयित असल्यासारखे वागवले. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीस खात्याला ‘संस्थात्मक वंशद्वेष’ असा शब्द लावला. कोणा एकाच्या मनात विष नसतानाही संपूर्ण संस्था नकळत, सवयीने, ठोकळेबाज समजुतींनी एखाद्या समाजाशी अन्यायाने वागू शकते, हा त्याचा अर्थ. हा शब्द आम्हाला मोलाचा वाटतो, कारण तो नीतिशास्त्रातील एक जुना पेच सोडवतो. हेतू वाईट नसेल तर पाप कोणाचे? उत्तर असे की, ज्या सवयीची फळे दुसऱ्याला भोगावी लागतात, ती सवय तपासून न पाहणे हेच पाप. पहिल्या वेळी माणूस ‘माझ्या लक्षात आले नाही’ असे म्हणू शकतो. दाखवून दिल्यावरही जो पाहत नाही, त्याला ती मुभा नाही.

मराठी वाचकाला हे सारे वाचताना मालेगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. बडा कब्रस्तानाच्या परिसरात नमाजानंतर स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. मरणारे मुस्लिम होते आणि पकडलेले नऊ जणही मुस्लिमच होते. त्यांना जामीन मिळाला तो नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे जर्मनीतील टोळी उघडी पडली त्याच महिन्यात. मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते २०१६ च्या एप्रिलमध्ये. नऊपैकी एक जण तो दिवस पाहायला जिवंत नव्हता. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी आहे, दोन्ही प्रकरणे सारखी आहेत असे आम्ही म्हणत नाही. तेथे संशय घरापर्यंत गेला, येथे तो तुरुंगापर्यंत गेला. पण सुरुवातीची पायरी ओळखीची आहे. जखम ज्याची, संशयही त्याच्यावरच.

येथवर आलो की आपल्यालाही एक मोह होतो. ज्यांनी आपल्यावर सरसकट संशय घेतला, त्यांच्यावर आपणही सरसकट संशय घ्यावा. सगळे जर्मन तसलेच, सगळे पोलीस तसलेच, सगळे अमुक धर्माचे तसलेच. सूरह हुजुरातमध्ये अतिसंशयापासून दूर राहण्याची आणि ऐकीव बातमीची शहानिशा करण्याची शिकवण आहे. एखाद्या समाजाचे वैरही आपल्याला न्यायापासून हलवू शकता कामा नये, अशी ताकीद सूरह माइदामध्ये आहे. या आज्ञा फक्त दुसऱ्यांनी पाळायच्या नाहीत.

त्याची कसोटी याच झोलिंगेनमध्ये लागली. २३ ऑगस्ट २०२४ रोजी शहराच्या उत्सवात एका सीरियन तरुणाने सुरा चालवून तिघांना ठार केले. ‘इस्लामिक स्टेट’ने त्याची जबाबदारी घेतली. मेलेले तिघे निरपराध होते. त्या खुनाचा धिक्कार करताना आमच्या तोंडी ‘पण’ हा शब्द येता कामा नये. १९९३ च्या गेंच कुटुंबासाठी जे अश्रू खरे, ते या तिघांसाठीही खरे असले पाहिजेत. त्याच वेळी हेही पाहिले पाहिजे की, काही आठवड्यांतच जर्मनीने सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि आश्रितांविषयीचे नियम कडक केले. हल्लेखोर एक होता, उपाय साऱ्या आश्रितांवर झाला. १९९३ मध्ये आग लावणारे जर्मन होते, तेव्हाही उपाय आश्रितांवरच झाला होता. मारणारा बदलला तरी किंमत मोजणारा तोच राहतो, हे ज्या सरकारला खटकत नाही, त्या सरकारच्या तराजूचा काटा सरळ आहे असे कसे म्हणावे?

आमची मागणी सवलतीची नाही. आमच्यातील गुन्हेगाराकडे डोळेझाक करा असे आम्ही म्हणणार नाही, आणि दुसऱ्याच्या गुन्हेगाराला दुप्पट शिक्षा द्या असेही म्हणणार नाही. मागणी इतकीच की, खुनाच्या पहिल्या तासाला सरकारने तोंड आवरावे आणि पुराव्याआधी नाव देऊ नये. द्वेषातून हल्ला झाला असेल ही शक्यता पहिल्या दिवशीच यादीत असावी, अकराव्या वर्षी नव्हे. पीडितांच्या घरच्यांना साक्षीदार म्हणून विचारावे, आरोपी म्हणून नव्हे. चूक झाली तर फायली उघडाव्यात. आणि अतिरेक्यांचा बंदोबस्त करणाऱ्या हातांचीही तपासणी व्हावी. यांत अशक्य असे काही नाही. पैसाही फारसा लागत नाही. लागते ती आरशासमोर उभे राहण्याची तयारी.

बर्लिनच्या त्या शोकसभेत हालितचे वडील इस्माईल योझगातही बोलले होते. आम्हाला पैसे नकोत, असे त्यांनी सांगितले. मारेकरी आणि त्यांना साथ देणारे पकडले जावेत, आणि ज्या हॉलेंडिशे स्ट्रासेवर हालित जन्मला आणि ज्या रस्त्यावरच मारला गेला, त्या रस्त्याला त्याचे नाव मिळावे, असे त्यांचे मागणे होते. कासेल नगरपालिकेने २०१२ मध्ये त्या रस्त्यालगतच्या एका छोट्या चौकाला हालितचे नाव दिले. रस्त्याचे नाव बदलले नाही. वडील त्यानंतरही वर्षानुवर्षे, स्मृतिदिनाच्या सभेत आणि म्युनिकच्या न्यायालयातही, तेच मागणे मांडत राहिले.